सुटे पान

शेवटची टाचणी काही केल्या निघेना. त्याने हाडाची पातळ पट्टी कागद आणि लोखंड यांच्यामध्ये सरकवली, श्वास रोखला आणि गंजाची पकड सुटेपर्यंत ती हलक्या हाताने मागेपुढे करत राहिला. टाचणी निघाली तेव्हा तिच्या जागी तपकिरी काठाचे बारीक भोक उरले. चिमट्याने उचलून त्याने ती काचेच्या बरणीत टाकली. बरणी जवळजवळ भरली होती. ती त्याने खिडकीच्या उजेडात धरली आणि कुणी पाहत नाही याची खात्री करून जराशी हलवली. काम मनासारखे झाले की तो स्वतःला एवढीच शाबासकी देत असे.

ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात त्याला सगळे टीपकागद म्हणत. कुणी काहीही बोलले तरी तो मुकाट्याने शोषून घेई आणि त्याच्याकडून थेंबभरही परत मिळत नसे, म्हणून. नाव विभागप्रमुख मॅडमनी ठेवले होते. ते आपल्याला आवडत नाही, हेही तो कधी बोलला नव्हता.

टाचण्या एका कथालेखकाच्या कागदांतल्या होत्या. लेखक गेल्या वर्षी वारले आणि त्यांच्या पत्नीने घरातले कागद झाडून सारे ग्रंथालयाला देऊन टाकले. त्यांत पत्रे होती, भाषणांची टिपणे होती, छापखान्यातून आलेली तपासलेली पाने होती आणि एक अप्रकाशित कादंबरी होती. कागद देताना पत्नीने एकच अट घातली होती. कादंबरी सगळ्यांत आधी तिला वाचून दाखवायची. लेखकांनी हातातले लेखन कधी कुणाला दाखवले नाही, बायकोलाही नाही. आणि ते गेले तोवर तिची दृष्टी गेलेली होती.

“त्यात मुलगा घरी येतो का, एवढंच ऐकायचंय म्हणाल्या,” मॅडमनी त्याला सांगितले होते. “कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट आहे म्हणे. मुलगा निघून गेलेला. तू समजून घे काय ते.”

समजून घेण्यासारखे फार नव्हतेच. लेखकांचा एकुलता एक मुलगा ऐन तारुण्यात बापाशी भांडून घराबाहेर पडला तो पडलाच. कुठे गेला, आहे की नाही, कुणाला ठाऊक नव्हते. लेखकांनी त्यावर चकार शब्द काढला नव्हता, मुलाखतींतही नाही. टीपकागदाने त्यांची सगळी पुस्तके वाचली होती. एकटेपणाच्या दिवसांत, वसतिगृहाच्या जिन्यावर बसून, एकेक पुस्तक पुरवून पुरवून वाचले होते. त्यामुळे हे काम त्याने मागून घेतले, आणि मागताना त्याचे कान लाल झालेले मॅडमनी पाहिले.

कागद आले तेव्हा त्यांना ओलीचा वास येत होता. कादंबरी नाना तऱ्हेच्या कागदांवर लिहिलेली होती: बिलांच्या पाठी, दिनदर्शिकेची फाडलेली पाने, मुलांच्या वहीतले आखीव कागद, मध्येच एखादा पाकिटाचा उलगडलेला कागद. पाने एकाला एक टाचलेली, आणि टाचण्या इतक्या गंजलेल्या की त्या तशाच ठेवल्या असत्या तर काही वर्षांत त्यांनी कागदच खाऊन टाकला असता. नियम साधा होता. आधी लोखंड काढायचे, मग पाने आकाराप्रमाणे लावून टीपकागदांच्या थरांत, दोन फळ्यांमध्ये दाबून सुकवायची, आणि पुरती सुकली की पेन्सिलीने प्रत्येकावर आकडा घालायचा. ओल्या कागदावर पेन्सिल रुतते, म्हणून आकडा नेहमी शेवटी. क्रम चुकण्याची भीती नव्हती. लेखकांनी पानांच्या उजव्या कोपऱ्यात स्वतःच आकडे घातलेले त्याने पहिल्या दिवशीच पाहून ठेवले होते. तीन, चार, पाच. तेवढे पाहून तो निश्चिंत झाला होता.

फळ्या उघडल्या त्या सकाळी पाने इस्त्री केल्यासारखी सपाट झाली होती. त्याने मोठे टेबल पुसून घेतले आणि आकड्यांप्रमाणे पाने मांडायला सुरुवात केली. एक. दोन. दुसरे एक. तिसरे एक. चारचे तर ढीगच निघू लागले. त्याला आधी वाटले, प्रकरणांचे आकडे असतील. मग वाटले, एकाच पानाचे निरनिराळे खर्डे असतील. पण चार आकड्याची कुठलीही दोन पाने सारखी नव्हती, आणि मोठ्यात मोठा आकडाही फारसा मोठा नव्हता. टेबलाचा लाकडी काठ धरून तो खाली बसला. हे पानांचे आकडे नव्हतेच. पान पानाला जोडणारी एकच गोष्ट त्या कागदांत होती, आणि ती खिडकीतल्या बरणीत गंजत पडली होती.

पुढचे दिवस त्याने भोकांवर घालवले. गंजाचा डाग पुढच्या पानावर उमटतो. डागाला डाग जुळवला तर शेजारी सापडेल, असा त्याचा हिशेब होता. पण लेखकांनी पाने पुन्हा पुन्हा उपटून पुन्हा पुन्हा टाचली होती. एकेका कोपऱ्यात भोकांची चाळण होती आणि एकेका पानाला चारी दिशांनी शेजारी भेटत होते. शेवटी त्याने भोके सोडली आणि गोष्ट धरली. म्हाताऱ्याचे दुकान, मुलाशी भांडण, मुलाचे जाणे, बायकोचे आजारपण, दुकानाला लागलेली उतरती कळा, असे अर्थाच्या आधाराने पान पानाला लागत गेले. सगळी लागली. उरले एक.

त्या पानावर मुलगा दारात उभा होता. बाप किल्ली घासत होता आणि मान वर करत नव्हता. आई न बोलता ताट मांडत होती. मुलगा म्हणत होता, दार उघडंच होतं. बस, एवढेच. ना दिवस, ना ऋतू, ना मुलाचे वय. हे भांडणाच्या आधीचे असेल, तर एक साधीसुधी संध्याकाळ. मधले असेल, तर म्हाताऱ्याला पडलेले स्वप्न. शेवटचे असेल, तर मुलगा घरी आला. आणि लेखकांनी नको म्हणून काढून ठेवलेले असेल, तर काहीच नाही.

तो मॅडमकडे गेला. खुर्चीच्या पाठीशी उभा राहून, जमिनीकडे पाहत, त्याने सगळे सांगितले. मॅडमनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

“टीपकागदाला तोंड फुटलं ते यासाठी होय,” त्या म्हणाल्या, पण आवाजात राग नव्हता, थकवा होता. “खरा क्रम ठाऊक असलेला माणूस आता आहे का कुठे?”

“नाही.”

“मग तू लावलास तोच खरा. आणि ज्याला जागा मिळत नाही, त्याचीही सोय नियमात आहे. बाईंना उगाच सांगून छळू नकोस. काय परत येणार आहे?”

काही परत येणार नव्हते. तो खाली मान घालून आपल्या टेबलाकडे परतला.

लेखकांची पत्नी आली ती नणंदेच्या खांद्यावर हात ठेवून. वाचनखोली तळघरात होती. नणंद प्रत्येक पायरीला सूचना देत होती आणि सूचनेगणिक एक टोमणाही मारत होती.

“सांभाळा वहिनी, अजून आहेत. जिवंत होता तोवर दादानं घराचा उंबरा ओलांडला नाही, आणि मेल्यावर येऊन बसला तो तळघरात.”

“थंड आहे इथं,” पत्नी म्हणाली. “त्यांना बरं वाटत असेल. उकाडा सोसायचा नाही.”

तिने टीपकागदाला विचारले की तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायची. त्याने काहीतरी पुटपुटले, ते तिला ऐकू आले नाही. मग तिनेच अहो-जाहो करत ‘तुम्ही’वर भागवले. तो तिला काकू म्हणू लागला. नणंदेने जाहीर केले की आपण कादंबऱ्या वाचत नाही, घरात एक लिहिणारा होता तेवढा ताप पुरे झाला. आणि भिंतीशी खुर्ची ओढून तिने विणकाम बाहेर काढले.

वाचन काही दुपारी चालले. त्याचा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की नणंदेने विणता विणता, पोटात काही आहे की नाही, असे विचारले. हळूहळू आवाज मोकळा झाला. कादंबरीत म्हातारा कुलूपवाला गावभरची कुलपे नीट करत असे आणि मुलगा गेल्यापासून स्वतःच्या दाराला मात्र त्याने कुलूप लावले नव्हते. चोर आले, दोनदा आले, तरी लावले नाही. काकू हात मांडीवर ठेवून ऐके. कधी कधी तिचे ओठ हलत, जणू पुढचा शब्द तिला आधीच ठाऊक होता आणि तो आला की नाही एवढेच ती पडताळून पाहत होती.

“आमच्या दाराला तर दोन-दोन कुलपं असायची,” एकदा ती मध्येच म्हणाली. “तीही स्वतः ओढून बघायचे. रोज.”

नणंदेच्या सुया थांबल्या आणि पुन्हा चालू झाल्या.

शेवटच्या दुपारी त्याने धीर करून कोपऱ्यातल्या आकड्यांचे विचारले. प्रत्येक पानावर असतात, फार मोठे नसतात, कसले असावेत. काकू या साऱ्या दिवसांत पहिल्यांदाच हसली.

“सिगारेटी. डॉक्टरांनी मोजून ओढायला सांगितल्या होत्या ना. त्या दिवसाची कितवी, ते मांडून ठेवायचे. मला दाखवायला.”

“आणि फार झाल्या की नवं पान घेऊन पुन्हा एकपासून,” नणंद म्हणाली. “हिशेबाला पक्का होता माझा भाऊ.”

दोघी हसल्या. त्यालाही हसू आले, आणि ते ओठांवरच थिजले.

“पानांना आकडे घालत नसत?” त्याने विचारले. उत्तर त्याला ठाऊक होते.

“छे. आकडा घातला की पान तिथंच मरतं म्हणायचे. टाचायचे नुसते. एकाला दुसरं, त्याला तिसरं. मन बदललं की उपटायची टाचणी, दुसरीकडे लावायची. आतल्या खोलीत मला ऐकू यायचं, कागदातून टाचणी जाते ना, तो आवाज. त्यावरून कळायचं, आज काम पुढं सरकलंय. टाचण्या तुम्हाला दिसल्याच असतील.”

“हो,” तो म्हणाला.

त्याने पुढे वाचायला घेतले. म्हातारा बिजागरीला तेल घालतो, दार ढकलून पाहतो, दार आवाज न करता उघडते आणि आवाज न करता मिटते. तिथे पान संपले. पुढे काही नव्हते. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली, तो आवाज छतातून खाली आला.

“संपलं?”

“संपलं, काकू.”

“येत नाही होय तो.”

तिने ते विचारले नव्हते, नुसते म्हटले होते. टीपकागदाने टेबलाच्या कडेला, एका वेगळ्या कव्हरात, उपडे ठेवलेले पान पाहिले. ते तसेच राहू दिले असते तर कुणाला काही कळले नसते. वाचून दाखवून हेच शेवटचे म्हटले असते, तरी कुणाला काही कळले नसते. त्याचा हात आपसूक कव्हराकडे गेला.

“एक पान आहे,” तो म्हणाला, आणि वाचू लागला.

मुलगा दारात उभा राहिला. बापाने मान वर केली नाही. आईने ताट मांडले. दार उघडंच होतं, मुलगा म्हणाला.

नणंदेने विणकाम मांडीवर ठेवले होते. काकूने हात पुढे केला. या खोलीत कागदाला कुणी उघड्या हाताने स्पर्श करायचा नाही असा नियम होता, त्याची पाटी तिच्या समोरच टांगलेली होती. त्याने पान तिच्या हातात दिले. तिची बोटे मजकुरावरून गेलीच नाहीत. ती सरळ डाव्या कोपऱ्याकडे गेली आणि तिथे थांबली. अंगठ्याने ती तो कोपरा चाचपत राहिली. त्या पानाचा कोपरा इतर कुठल्याही पानापेक्षा वाईट अवस्थेत होता. भोके इतकी, की मधला कागद पिठासारखा झाला होता.

“किती ठिकाणी ठेवून बघितलं हो यांनी त्याला,” ती हळूच म्हणाली. कोणाला उद्देशून, ते कळले नाही.

मग तिची मान टीपकागदाच्या दिशेने वळली. थेट त्याच्याकडे नाही, थोडी बाजूला, जिथून त्याचा आवाज आला होता तिथे.

“टाचण्या काढल्यात तुम्ही.”

“हो. गंजल्या होत्या. कागद खात होत्या.”

“बरोबर आहे. खाणारच.” तिने पान दोन्ही हातांत धरले. “हे पान आलं तेव्हा याला टाचणी होती का?”

प्रश्न समजायला त्याला वेळ लागला नाही. टाचणी असेल, तर लेखकांनी मुलाला शेवटी कुठेतरी ठेवून घेतले होते. दारात, स्वप्नात, कुठे का असेना. नसेल, तर इतक्या वेळा ठेवून पाहून, अखेर काढून टाकले होते. त्याने डोळे मिटून आठवून पाहिले. हाडाची पट्टी आठवली, श्वास रोखणे आठवले, बरणीचा आवाज आठवला. एकेक टाचणी त्याने जिवाच्या कराराने काढली होती आणि त्यातली एकही त्याला वेगळी अशी आठवत नव्हती. कोणते पान कोणत्या पानापासून आपण सोडवले, हे त्याने एकदाही पाहिले नव्हते. तो फक्त गंज पाहत होता.

“आठवत नाही,” तो म्हणाला.

काकूने मान हलवली. मग पान टेबलावर, अंदाजाने, पण अगदी सरळ ठेवले आणि त्याच्यावर तळहात ठेवून म्हणाली,

“खोटं बोलला असतात तरी चाललं असतं मला.”

ते तिने रागाने म्हटले नव्हते. दुकानात एखादी वस्तू संपली आहे असे ऐकल्यावर, दुसरी चालली असती, असे म्हणावे तसे म्हटले होते. त्याच्या तोंडाशी आता ते खोटे आले, होय, होती, मला आठवले. पण त्याची वेळ गेलेली होती, आणि ते तिलाही ठाऊक होते.

नणंदेने लोकर गुंडाळली, पिशवी उचलली. वहिनीच्या कोपराला धरून उठवताना तिने या वेळी काही टोमणा मारला नाही; नुसते, चला, म्हणाली. दाराशी टीपकागद आडवा आला, म्हणजे आडवा येण्याइतका तो पुढे झाला नाही, पण वाटेत उभा राहिला.

“काकू, ते पान कुठं ठेवू?”

“माझं काय आता त्यात,” ती म्हणाली. “तुमचा काय नियम असेल तसं करा.”

त्या दोघी पायऱ्या चढू लागल्या. वर जाताना नणंद सूचना देत नव्हती. काकूचा पाय एका पायरीवर अडखळला, सावरला, आणि मग वरचे दार मिटल्याचा आवाज आला.

तो टेबलाशी येऊन बसला. पाने सुकली होती, आकडे घालायला हरकत नव्हती. त्याने मऊ पेन्सिलीला टोक काढले आणि पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, सिगारेटीच्या आकड्यापासून दूर, बारीक एक लिहिला. मग दोन. आकडा घातला की पान तिथंच मरतं, हे त्याला प्रत्येक पानाला आठवत राहिले आणि तो लिहीत राहिला. दुकान मेले, भांडण मेले, आईचे आजारपण मेले. बिजागरीला तेल घातलेले पानही झाले. टेबलावर आता ते एकच पान राहिले.

नियम त्याला पाठ होता, तरी त्याने खणातून नियमांची पुस्तिका काढून बोट ठेवून वाचला. ज्या सुट्या पानाचे स्थान निश्चित करता येत नाही, ते संचाच्या अखेरीस ठेवावे व त्यास अखेरचा क्रमांक द्यावा.

तो ते वाक्य बराच वेळ पाहत राहिला. मग जिन्याकडे पाहिले. तिथे कुणी नव्हते, आणि असते तरी काय सांगायचे होते? मुलाला शेवटी आणणे हे काकूच्या घरातल्या माणसाने केलेले नव्हते. हे पुस्तिकेने केले होते.

त्याने म्हाताऱ्याचे मिटलेले दार वर ठेवले आणि त्याच्या खाली मुलाला ठेवले. पेन्सिल इतक्या हलक्या हाताने टेकवली की आकडा जेमतेम उमटला. मग साऱ्या पानांना पांढऱ्या कागदाची घडी घातली, पेटीचे झाकण लावले आणि पेटी फडताळात, कुणी नावाने मागितली तरच जिथून निघेल अशा जागी, सरकवून दिली.